एक पोतं ब्लीचिंग पावडर

आमच्या अख्ख्या ढिवर समाजात पोहता न येणारा मी एकटा, आणि घरी स्विमिंग पूल असलेलाही मी एकटाच.

यातली पहिली गोष्ट वैनगंगेकाठच्या पाच-पंचवीस गावांना ठाऊक होती. मी पाच वर्षांचा असताना बापूंनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) रीतीप्रमाणे मला डोहात सोडलं. आम्हा मासेमारांची पोरं अशी सोडली की हातपाय मारत वर येतात. मी जो खाली गेलो तो तळाशी जाऊन बसलो, आणि बापूंनी केसाला धरून वर काढेपर्यंत तिथेच बसून राहिलो! त्याच दिवशी बापूंनी ठरवलं की या पोराला शाळेत घालायचं. मी शिकलो, पंचायत समितीत बाबू झालो, ब्रह्मपुरीच्या एका नव्या कॉलनीत प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या. लग्न व्हायचं होतं, म्हणजे घरात अक्कल सांगणारं माणूस अजून आलं नव्हतं.

दुसरी गोष्ट घडली ती लकव्यामुळे. वैशाखातल्या एका दुपारी नावेतून उतरता उतरता बापू वाळूत बसले, ते उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं. ज्या हाताने फेकलेलं जाळं पाण्यावर पुरतं गोल उघडूनच पडायचं, तो हात गेला. आणि वाचा गेली. ज्यांची हाक या काठावरून त्या काठाला जायची, ते बापू आता ब्रह्मपुरीला माझ्या घरी खाटेवर पडून नुसते बघायचे. त्यांच्या डोळ्यांत बघायची मला भीती वाटायची, म्हणून मी ऑफिसात उशिरापर्यंत बसायला लागलो.

नागपूरच्या डॉक्टरांनी त्यांच्या उजव्या तळपायाला टाचणी टोचली. बापू छताकडे बघत राहिले. डॉक्टरांनी आणखी जोरात टोचली. बापू तसेच. "आई गं!" म्हणालो तो मी.

"पाण्यात व्यायाम द्या," डॉक्टर म्हणाले. "पाण्यात अंगाचं ओझं उतरतं. पायाला जाग आणायची असेल तर हाच उपाय. आणि त्यांना बोलतं करा. जितका उशीर, तितकी आशा कमी."

"पण पाण्यात कुठे, साहेब?"

"स्विमिंग पूलमध्ये!" डॉक्टर म्हणाले. जणू ब्रह्मपुरीत दर पानठेल्याच्या शेजारी एक होता. "आणि हे फक्त उन्हाळ्यात हं. पावसाळ्यात, थंडीत पाण्यात उतरवलंत तर छाती भरेल."

नदीवर नेणं शक्य नव्हतं. उन्हाळ्यात काठापासून पाण्यापर्यंत नुसती तापलेली वाळू, तिच्यातून खाट कोण वाहणार? तेव्हा मी घराच्या मागे पूल बांधायला काढला. गवंडी आला.

"टाकं बांधाचं हाये न, भाऊ?"

"टाकं नाही. स्विमिंग पूल."

"मंजे टाकंच न?"

"स्विमिंग पूलला उतरायला पायऱ्या असतात."

"मंग पायऱ्यावालं टाकं म्हना," तो म्हणाला, आणि कॉलनीने तेच नाव कायम केलं.

बारा फूट लांब, आठ फूट रुंद, छातीइतकं खोल, आणि आतून निळा रंग. रंग वाळला आणि पाऊस आला. पडवीच्या पन्हाळीच्या धारांनी चार दिवसांत टाकं आपोआप काठोकाठ भरलं. म्हणजे पूल होता, पाणी होतं, बापू होते, आणि उन्हाळा तेवढा संपला होता! आता पुढच्या चैत्रापर्यंत वाट बघायची. पाणी हळूहळू हिरवं झालं, मग इतकं गडद हिरवं झालं की तळाचा निळा रंग फक्त माझ्या आठवणीत उरला.

त्या आठ महिन्यांत बापूंचा डावा हात तेवढा बोलत होता. तो वर झाला की माय त्याचा अर्थ सांगायची. तिचा एकच अर्थ होता.

"चहा मागून राह्यले."

पंखा लाव म्हणून हात वर झाला तरी चहा, पंखा बंद कर म्हणून झाला तरी चहा. त्या वर्षी बापूंनी जन्माचा चहा प्याला असेल. नको म्हणायला हात हलवला की माय दुसरा कप आणायची.

दर रविवारी गावाहून एसटीने मारोतीकाका यायचे. हे बापूंचे नावेतले जोडीदार, तीस वर्षांचे. ते आले की बापूंची खाट मागच्या पडवीत टाक्याच्या काठाला न्यावी लागे. मग दोघं म्हातारे त्या हिरव्या पाण्याकडे तासन् तास बघत बसायचे. बापू जेवायचेही तिथेच, आणि डाव्या हाताने खाताना बराचसा भात पाण्यात सांडायचे. "त्यांना भात कमी वाढत जा," असं मी मायला सांगून ठेवलं होतं. आणि ती दोन माणसं, नदी हातातून गेलेली, अशी टाक्याकडे बघताना दिसली की मला गहिवरून यायचं. मी डोळे पुसत घरात जायचो. (गहिवरण्याऐवजी एकदा वाकून पाण्यात बघितलं असतं तर हे लिहायची वेळ आली नसती!)

चैत्र लागला. ऊन असं पडायला लागलं की अकरानंतर कॉलनीत कुत्रंही दिसेना. मी कंबर कसली. टाक्यातलं पाणी उपसायचं, घासून धुवायचं, नवं भरायचं. त्यासाठी मोटार पाहिजे, म्हणून शेजारच्या हफीजभाईंकडे गेलो. ते पंप आणि कूलर दुरुस्त करायचे. त्या दिवसांत त्यांच्या अंगणात कूलरची रांग लागलेली असायची.

"पानी फेकून देता का काय?" हफीजभाईंनी पाना खाली ठेवला. "बोरिंगवर बाया घागरी घेऊन लाइनीत उभ्या हाये, अन् तुमी टाकंभर पानी नालीत सोडता? कॉलनीवाले तुमालेच नालीत सोडतीन, बाबूजी!"

"मग त्या हिरव्या पाण्याचं काय करू?"

"पावडर मारा न, ब्लीचिंग! विहिरीत टाकतात का नाई? सकाळी टाका, शामपर्यंत पानी एकदम चकाचक."

"किती टाकायची?"

"अंदाजानं."

सरकारी बाबूला अंदाजाने कर म्हणणं हा त्याचा अपमान आहे. मी घरी आलो, कागद घेतला, टाक्याची लांबी, रुंदी, खोली काढली, त्रैराशिक मांडलं. उत्तर आलं, दोन-चार मुठी. मी ते तीनदा तपासलं. उत्तर बरोबर होतं, पण मनाला पटेना. एवढा छातीभर खोल, आतून निळा रंग दिलेला, पायऱ्यावाला स्विमिंग पूल, आणि त्याला दोन-चार मुठी? मी एक पोतं आणलं.

तो रविवार होता. मारोतीकाका येणार नव्हते, त्यांच्या नातीचं लग्न होतं. मी बापूंची खाट पडवीत आणली, कारण हे सगळं त्यांच्यासाठी चाललं होतं आणि ते त्यांनी बघावं अशी माझी फार इच्छा होती. खोटं कशाला बोलू, अकरा महिन्यांत त्यांच्या डोळ्यांत बघायचं धैर्य मला पहिल्यांदाच झालं होतं.

पहिली बादली ओतली. पांढरा धुरळा उडाला. बापूंचा डावा हात ताडकन वर झाला.

"पाहा बापू! तुमच्यासाठी!"

हात जोरजोरात हलायला लागला.

"माय, बापू खूश झाले व!"

"मांडला न बाप्पा चहा!" माय आतून ओरडली.

दुसरी बादली. आता बापू खाटेच्या लाकडावर हात आपटायला लागले. मला वाटलं, ठेका धरला. त्यांनी बोट आधी पाण्याकडे केलं, मग माझ्याकडे केलं, आणि मग आपल्याच कपाळावर थाडकन हात मारून घेतला. मी अर्थ लावला, पाण्याने, या पोरामुळे, माझं नशीब उघडलं. माझा ऊर भरून आला. भरल्या उराने मी तिसरी बादली उचलली.

बापूंच्या घशातून आवाज निघाला. मान ताठ झाली, डाव्या अंगाने ते खाटेवरून अर्धे उठले, आणि अकरा महिन्यांनी त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडला.

"भैताड!"

आमच्याकडे अगदीच बिनडोक माणसाला भैताड म्हणतात. माझ्या हातातली बादली सुटली. (कुठे पडली ते सांगायला नकोच.)

"माय! बापू बोलले!"

माय हातातल्या पळीसकट धावत आली. "काय बोलले?"

"भैताड!"

"कोनाले?"

"मले!"

"बरोब्बर बोलले रे माह्या लेका!" म्हणून माय ढसाढसा रडायला लागली. तिने चहासाठी काढलेली साखर बापूंच्या तोंडात घातली. भिंतीवरून हफीजभाईंनी उडी मारली. "माशाल्ला! बापूजी, आखीन एक डाव!"

"भैताड!" बापू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले.

मग कॉलनी जमली. बोरिंगवरच्या बाया घागरी ठेवून आल्या. जो येई तो बापूंना विचारी, आणि बापू जिवाच्या आकांताने माझ्याकडे बोट दाखवून तोच शब्द म्हणत. उच्चार एकदम स्वच्छ आहे, यावर सगळ्यांचं एकमत झालं. एकाने तर मला पुढे उभं करून, "हा कोन?" असं विचारून खात्री करून घेतली. बापूंच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. आनंदाश्रू, असं आम्ही सगळे एकमेकांना सांगत होतो. पाण्यात उतरायच्या आधीच पुलाचा हा गुण, तर उतरल्यावर काय होईल! त्या आनंदात मी उरलेलं अर्धं पोतं टाक्यात उलटं केलं.

बापूंचा हात खाली पडला. त्यांनी डोळे मिटून घेतले. म्हातारं माणूस दमलं, असं म्हणून लोक घरोघरी गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायच्या किंचाळण्याने मी उठलो. टाक्यावर पांढरी पोटं तरंगत होती. रोहू, कतला. काही वीतभर, काही हातभर. अशा चाळीसेक मासोळ्या, डोळे उघडे ठेवून. पाणी मात्र हफीजभाई म्हणाले होते तसं चकाचक झालं होतं, आठ महिन्यांनी तळाचा निळा रंग लख्ख दिसत होता.

मी तिथेच उभा राहिलो. हे कुठून आलं तेच कळेना. ऊन चढलं तसा वास सुटला. दहाच्या एसटीने मारोतीकाका आले, लग्नाची बुंदी घेऊन. पिशवी हातात तशीच राहिली आणि ते काठावर मटकन बसले.

"कोनं केलं हे?"

"मी... पाणी साफ करायला पावडर..."

"आखाडात सोडले होते आमी. बोटबोट होते तवा. म्या गावाहून आनले, अन् तुह्या बापानं आपल्या डाव्या हातानं सोडले."

"मग मला सांगायचं ना, काका!"

"सांगतलं असतं त तू सोडू देला असता?"

"पण ते व्यायामाचं टाकं होतं!"

"पानी भरलं होतं न, बाबू," काका म्हणाले. "भरलं पानी कोनी रिकामं ठेवते काय?"

आमच्यात आखाडात पाणी भरलं की मासोळीचं बीज सोडायचं, हे कोणी कोणाला सांगत नाही. जेवण झाल्यावर आचवायचं हे तरी कोण सांगतं? आणि पाण्यात औषध टाकून मासे मारणं, यापेक्षा हलकं काम आमच्यात दुसरं नाही. जाळं चोरणाऱ्याला लोक माफ करतात. पण तलावात विष कालवणाऱ्याच्या मागे बापू स्वतः काठी घेऊन धावलेले मी लहानपणी बघितले आहेत. त्याच बापूंच्या डोळ्यांदेखत, त्यांनी आपल्या हाताचा भात घालून वाढवलेल्या मासोळ्यांवर, त्यांच्या पोटच्या पोराने पोतं रिकामं केलं होतं. वर "तुमच्यासाठी" असं ओरडत! आणि त्यांना नको म्हणता येत नव्हतं. मी हे हसत हसत सांगतो आहे, कारण दुसऱ्या कोणत्याही तऱ्हेने हे मला आजवर सांगता आलेलं नाही.

त्या मासोळ्या उकिरड्यावर टाकू द्यायला काका तयार नव्हते. "तुह्याच हातानं पुर," म्हणाले. मी, जो मासे खाल्ल्यावर दोनदा साबणाने हात धुतो, चैत्राच्या उन्हात पपईच्या आळ्याशी खड्डा खणत होतो. जमीन दगड झालेली. एकेक मासोळी उचलून ठेवायची होती, ढीग ओतायचा नव्हता. अर्धं काम झाल्यावर मी रडत होतो की घाम होता ते मलाच कळत नव्हतं. काका बाजूला उभे होते, पण फावड्याला त्यांनी हात लावला नाही.

बापूंनी हाताने खूण केली, खाट आत न्या. आत नेल्यावर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ते बोललेच नाहीत. तो एक शब्द आला होता, तोही गेला. दोन दिवस, चार दिवस. भात तोंडाला लावला तर ओठ मिटून घेत. माय चहा नेई आणि तसाच परत आणी. मी खाटेशी बसून म्हणायचो, "बापू, मी कोण? सांगा ना, मी कोण?" बापू भिंतीकडे बघत राहायचे. जगात असा दुसरा कोणी मुलगा नसेल, जो बापाच्या तोंडची शिवी मिळावी म्हणून हात जोडून बसला होता.

शेवटी एसटीडी बूथवरून नागपूरला फोन लावला.

"शब्द आला होता?" डॉक्टर म्हणाले. "मग रस्ता उघडलाय. पण वापर नाही झाला तर बंद होईल, आणि मग तो उघडणं कठीण. ज्यात त्यांचा जीव आहे असं काहीतरी समोर आणा."

ज्यात जीव होता ते मी पपईखाली पुरून आलो होतो. फोन ठेवला आणि बूथवाल्यासमोरच बसकण मारली.

त्या रविवारी काका आले, तेव्हा मीच त्यांचे पाय धरले. त्यांनी आधी पाय सोडवून घेतले. मग म्हणाले, "चैतात बीज नाई भेटत. पन आमच्या गावची बोडी आटून राह्यली. चिखलात मासोळ्या अडकल्या असतीन, तशाही मरतेतच त्या. तूच ये अन् तूच आन."

आधी ते विषारी पाणी काढणं भाग होतं. यावेळी कॉलनीने अजिबात विरोध केला नाही, वासानेच सगळ्यांचं मन वळवलं होतं. टाकं तीनदा धुतलं. नवं पाणी हफीजभाईंनी आपल्या बोअरवेलमधून दिलं, रोज थोडं थोडं. "पावडरचं म्याच बोललो होतो न," एवढंच म्हणाले. घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायांसमोरून तो पाइप माझ्या अंगणात येत होता. त्या मला जे बोलल्या, ते सगळं बरोबर होतं. कमरेइतकं पाणी झालं तेव्हा मीच मोटार बंद करायला सांगितली.

बोडी म्हणजे छोटा तलाव, पण मी गेलो तेव्हा तिची फक्त काळी दलदल आणि मध्ये पाण्याची चार डबकी उरली होती. पँट वर करून मी उतरलो आणि मांडीपर्यंत आत गेलो. काका काठावरून सांगत होते, "दबून धर, दबून! शेपटीले नाई, बाबू! अरे, डोक्यावून!" मासोळी हातात येई आणि माझ्या तोंडावर चिखल उडवून निघून जाई. गावातली माणसं काठावर बसून बघत होती. बापूंचा पोरगा चिखलात लोळतो आहे, ही बातमी माझ्याआधी ब्रह्मपुरीला पोचली. तीन तासांनी दुधाच्या दोन मोठ्या कॅनमध्ये वीस-पंचवीस मासोळ्या झाल्या.

"आता ध्यानात ठेव," काका म्हणाले. "घरी पोचेपर्यंत पानी हालत राह्यलं पायजे. हातानं मारत राह्य. पानी थांबलं का मासोळी मेली."

ट्रॅक्स जीपमध्ये आम्ही सोळा माणसं आणि दोन कॅन. मी मागच्या बाकावर, दोन्ही हात दोन कॅनमध्ये कोपरापर्यंत घालून पाणी थपथप मारत होतो. माझ्या समोर धोतरवाले एक पाहुणे होते. दर खड्ड्याला त्यांना अर्धा तांब्या पाणी मिळत होतं.

"काय घेऊन चालले, भाऊ?" त्यांनी तोंड पुसत विचारलं.

"औषध आहे. घरी पेशंट आहे."

तेवढ्यात एका रोहूने उसळी मारली आणि ती त्यांच्या मांडीवर पडली.

"औषध जिंदं हाये तुमचं," पाहुणे म्हणाले, आणि त्यांनी ती अलगद उचलून परत कॅनमध्ये सोडली. मी त्यांना नमस्कारही करू शकलो नाही, हात थांबवता येत नव्हते. तासभराने उतरलो तेव्हा खांद्यापासून बोटांपर्यंत दोन्ही हात बधिर झाले होते. बापूंच्या उजव्या हाताला कसं वाटत असेल, हे मला त्या दिवशी थोडं कळलं.

बापूंची खाट पडवीत आणली. त्यांनी डोळे घट्ट मिटले होते. मी पायऱ्या उतरून टाक्यात शिरलो. पाणी कमरेइतकंच होतं, पण माझ्यासारख्याला तेही पुरेसं असतं. एका हाताने काठ धरून मी कॅन तिरपा केला. मासोळ्या एकेक करून पाण्यात गेल्या. त्या आवाजाला बापूंचे डोळे उघडले.

डावा हात उठला. बोट पाण्याकडे, मग आपल्या पायांकडे. यावेळी चहा आणायला कोणी गेलं नाही. आम्ही त्यांना पायरीवर बसवलं, दोन्ही पाय पाण्यात. काकांनी मागून काखेत धरलं. मी पाण्यात त्यांच्यासमोर उभा राहिलो. बापूंनी बोटं जुळवून काहीतरी टाकल्याची खूण केली.

"भात!" मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा मला बरोबर अर्थ लागला होता.

मायने मूठभर भात टाकला. आटत्या बोडीतल्या उपाशी मासोळ्या त्या, आधी लांबून फिरल्या, मग जवळ आल्या. भात संपल्यावर त्या जे दिसेल त्याला तोंड लावायला लागल्या. एकीने माझ्या पोटरीला लावलं.

"साप!" म्हणून मी असा ओरडलो की भिंतीपलीकडे हफीजभाईंच्या हातातला पाना पडला.

बापूंनी माझ्याकडे अतिशय तुच्छतेने पाहिलं. आणि मग एकाएकी त्यांचा चेहरा बदलला. कपाळाला आठी पडली. ते खाली पाण्यात बघायला लागले.

"चावते," बापू म्हणाले.

डाव्या पायाला चावली असेल, असं मला वाटलं. बापूंनाही ते कळलं असावं. त्यांनी डावा पाय उचलून पाण्याबाहेर काढला, पायरीवर ठेवला आणि आमच्याकडे बघितलं. पाण्यात आता फक्त उजवा पाय होता.

"चावते," ते पुन्हा म्हणाले.

यावेळी माय साखर आणायला धावली नाही. ती ओल्या पायरीवर त्यांच्याशेजारी बसली आणि पदर तोंडाला लावला.

बापू पुढे कधी चालले नाहीत, हे आताच सांगून टाकतो, नाहीतर तुम्ही उगाच आशा लावून बसाल. त्यानंतर त्यांना दोनच उन्हाळे मिळाले. पण ते दोन्ही उन्हाळे ते त्या पायरीवर बसले, पाण्यात पाय सोडून, आणि शब्द परत येत गेले. एका वेळी एकच यायचा. त्यातले बरेचसे माझ्याविषयी असायचे, त्यामुळे इथे लिहिता येत नाहीत.

त्याच वर्षी ज्येष्ठात मी त्यांना नागपूरला दाखवायला नेलं. डॉक्टरांनी तीच टाचणी काढून उजव्या तळपायाला टोचली.

"हाय!" बापू कळवळले.

डॉक्टर खुर्चीतून उठले. "अरे वा! पूल तयार केलात वाटतं? पाणी स्वच्छ ठेवता ना? पावडर-बिवडर टाकता?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "पावडरने मासे मरतात."

"कोणते मासे?"

मग मी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगितलं. त्रैराशिक, पोतं, बुंदी, पपई, जीप, सगळं. डॉक्टरांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग त्यांनी कागद ओढला आणि खाली मान घालून बराच वेळ लिहीत राहिले. माझी छाती फुगली. ही केस आता कुठेतरी छापून येणार, मासे ही नवी उपचारपद्धत म्हणून!

बाहेर आल्यावर बापूंनी डाव्या हाताने तो कागद माझ्याकडून ओढून घेतला आणि कंपाउंडरपुढे धरला. कंपाउंडरने तो मोठ्याने वाचला.

"गोळ्या त्याच. पायाला मासे, दिवसातून दोन वेळा, चालू ठेवावे. पुढच्या खेपेस पेशंटसोबत घरातलं एखादं समजदार माणूस पाठवावं."

बापू मान मागे टाकून तोंडाच्या अर्ध्या भागाने हसले. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग त्यांनी कंपाउंडरच्या हातावर थाप मारली आणि म्हणाले, "आखीन वाच!"

लकवा झाल्यापासून एका दमात दोन शब्द बोलण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती.